संघातील बारावी जागा : खान्देशातील महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीचा इतिहास

खान्देशातील महाविद्यालयांनी खेळाडू कसे मिळवले आणि त्या खेळाडूंनी अभ्यास व मैदान यांचा मेळ कसा घातला, या प्रश्नाचे उत्तर मैदानापेक्षा विद्यापीठांच्या हद्दींत आणि सरकारी नोकरीच्या नियमांत अधिक सापडते. खेळाडूला मिळणारा खरा मोबदला रोख रकमेचा नव्हता, तर विद्यापीठाच्या संघात खेळल्याच्या प्रमाणपत्राचा होता; आणि हे प्रमाणपत्र जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींच्या किती आवाक्यात आहे, हे त्या त्या काळात विद्यापीठाची सीमारेषा कोठे आखली गेली त्यावर ठरत गेले.

जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही पूर्व खान्देशातील दोन जुनी महाविद्यालये 1945 च्या सुमारास सुरू झाली आणि पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरणाऱ्या पिढ्यांना प्रथमच घराजवळ पर्याय मिळाला. या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी तालमीतली कुस्ती आणि गावच्या मैदानावरचा हुतूतू सोबत घेऊनच येत असे. बास्केटबॉलची गोष्ट मात्र वेगळी होती. जेम्स नायस्मिथ यांनी 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे शोधलेल्या या खेळाची भारतातील पहिली पुरुष राष्ट्रीय स्पर्धा 1934 मध्ये दिल्लीत झाली, पण त्याला 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद असे टणक, सपाट मैदान आणि 3.05 मीटर उंचीवर पक्की बसवलेली कडी लागते. कबड्डीला मऊ माती आणि फक्कीच्या रेषा पुरतात. त्यामुळे कबड्डी गावोगावी रुजली, तर बास्केटबॉल ज्या आवारात पक्के मैदान बांधले गेले त्या आवारापुरता राहिला आणि त्याचा खेळाडू बहुधा शाळा-महाविद्यालयातच घडला.

ही महाविद्यालये आरंभी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती आणि 1949 पासून पुणे विद्यापीठाचे कार्य सुरू झाल्यावर त्याच्या कक्षेत आली. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे व जळगाव हे पाच जिल्हे उरले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून निवडलेला विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, आणि बास्केटबॉलच्या संघात खेळाडू असतात बारा. पाच जिल्ह्यांतून निवडायच्या या बारा जागांसाठी जळगाव-धुळ्याच्या खेळाडूला पुणे शहरातील जिमखान्यांत आणि क्लबांत तयार झालेल्या खेळाडूंशी स्पर्धा करावी लागे, शिवाय निवड चाचणीसाठी रात्रभराचा प्रवास करावा लागे तो वेगळाच.

या जागांचे मोल 1980 मध्ये एकदम वाढले. केंद्र सरकारच्या 4 ऑगस्ट 1980 च्या आदेशाने गट क आणि गट ड मधील नोकऱ्यांसाठी गुणवंत खेळाडूंच्या थेट नेमणुकीची तरतूद झाली आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेले खेळाडूही तीत पात्र ठरले. संघातील बारावी जागा, म्हणजे राखीव बाकावरची शेवटची खुर्चीसुद्धा, आता नोकरीच्या अर्जात उपयोगी पडू लागली. भुसावळसारखे रेल्वेचे मोठे केंद्र ज्या भागात आहे, तेथे खेळाडू-कोट्यातून लागणाऱ्या नोकरीचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. पुढे राज्य शासनानेही 30 एप्रिल 2005 च्या निर्णयाने खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणाचे नियम घालून दिले.

15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (2018 पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते) आणि प्रत्येक खेळातील विद्यापीठ संघाच्या सर्व जागा खान्देशाच्या वाट्याला आल्या. पुण्याच्या निवड चाचणीत मागे पडला असता असा चोपडा, फैजपूर, शिरपूर किंवा दोंडाईच्याचा खेळाडू आता विद्यापीठाचा 'कलर होल्डर', म्हणजे विद्यापीठाच्या रंगाचा कोट मिळवण्याचा अधिकारी, होऊ शकत होता. मात्र पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत हाच संघ पुणे, मुंबई आणि गुजरात-राजस्थानच्या बलाढ्य विद्यापीठांसमोर उभा राहणार होता, त्यामुळे संघात जागा मिळवणे सोपे झाले, तरी पदक मिळवणे सोपे झाले नाही.

खेळाडूंची निवड प्रत्यक्षात होते ती प्रवेशाच्या खिडकीवर. राज्यात 1975 मध्ये दहावीची नवी शालान्त परीक्षा सुरू झाली, पाठोपाठ अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय आले आणि बहुतेक ठिकाणी ते वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात उभे राहिले. कनिष्ठ महाविद्यालयातील मुले शालेय स्पर्धांच्या एकोणीस वर्षांखालील गटात खेळतात. तेथे चमकलेल्या मुलाला प्रथम वर्षासाठी आपल्याकडेच थांबवणे, किंवा शेजारच्या तालुक्यातून बोलावणे, हे काम महाविद्यालयाचा क्रीडा संचालक करतो. लेखी करार नसतो. शुल्काची सोय, वसतिगृहातील जागा, बूट आणि ट्रॅकसूट एवढ्यावर बोलणे होते, आणि आई-वडिलांची खात्री पटते ती शिक्षकाच्या शब्दावर.

यापुढे प्रश्न उरतो अभ्यासाचा. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडू नियमित प्रवेश घेतलेला विद्यार्थी असावा लागतो, म्हणजे अभ्यास सुटला की खेळण्याचा हक्कही सुटतो. हजेरीत सूट आणि क्रीडागुण, म्हणजे खेळातील सहभागाबद्दल परीक्षेत मिळणारे वाढीव गुण, या सवलती त्यासाठीच ठेवलेल्या आहेत. वार्षिक परीक्षा पद्धतीच्या काळात हिवाळ्यातील स्पर्धा आटोपून उन्हाळ्याच्या तोंडावर पुस्तके उघडता येत. सत्र पद्धतीने वर्षाला दोन परीक्षा आणल्या आणि त्यांतील पहिली नेमकी स्पर्धांच्या हंगामात येऊ लागली. प्रयोगशाळेची प्रात्यक्षिके नंतर भरून काढणे अवघड असल्याने विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा ताण अधिक जाणवतो.

शिष्यवृत्तीविना खेळाडू मिळवण्याचा प्रश्न इतरत्रही आहे. अमेरिकेत 1973 मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने संस्थांचे तीन विभाग पाडले आणि तिसऱ्या विभागातील, मुख्यत्वे लहान, महाविद्यालयांना खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई केली. तेथे खेळाडूला ओढून नेतो तो त्या महाविद्यालयाच्या पदवीचा लौकिक. खान्देशातही खेळाची शिष्यवृत्ती ही वाट फारशी नव्हतीच, पण तिच्या जागी आले ते पदवीबरोबर मिळणारे दुसरे प्रमाणपत्र. नोकरीचा अर्ज भरताना ही दोन्ही कागदपत्रे एकत्र जोडावी लागतात, आणि खान्देशातील कुटुंबांनी मुलांना पुस्तक व मैदान यांतले एक सोडायला फारसे सांगितले नाही, याचे कारण या जोडणीत आहे.