पीटी-क्वेरी-डायजेस्टचा रिपोर्ट कसा वाचायचा?

वेबसाइट किंवा ॲप संथ झाले की डेटाबेसमधली नेमकी कोणती क्वेरी वेळ खाते, हे शोधावे लागते. मायएसक्यूएलसाठी पर्कोना टूलकिटमधले 'पीटी-क्वेरी-डायजेस्ट' हे मोफत टूल त्या कामी येते. ते स्लो क्वेरी लॉग वाचते आणि फक्त आकडे किंवा नावे बदललेल्या, बाकी सारख्या क्वेरी एका गटात टाकते. रिपोर्टमध्ये आधी एकूण गोळाबेरीज, मग क्रमवारीचा तक्ता आणि शेवटी प्रत्येक गटाचा तपशील असतो.

काय पाहायचे?

एकूण वेळ: क्रमवारी यावरच लागते. १० सेकंदांची क्वेरी दिवसात एकदाच चालली, तर खर्च १० सेकंद. ०.२ सेकंदांची क्वेरी ५०,००० वेळा चालली, तर १०,००० सेकंद! थेंबे थेंबे तळे साचे, तसेच हे. आधी दुसरी क्वेरी सुधारा.

९५ टक्के: १०० पैकी ९५ वेळा क्वेरी इतक्या वेळात संपली. सरासरी फसवू शकते, म्हणून हा आकडाही पाहा.

तपासलेल्या आणि पाठवलेल्या ओळी: १० लाख ओळी तपासून १०च पाठवल्या असतील, तर बहुधा योग्य इंडेक्स नाही. इंडेक्स जोडण्यापूर्वी 'एक्सप्लेन' चालवून खात्री करा.

हे विसरू नका

स्लो क्वेरी लॉग मुळात बंद असतो. तो सुरू केला तरी १० सेकंदांहून जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरीच त्यात नोंदल्या जातात. ही मर्यादा कमी केली नाही, तर वरची ०.२ सेकंदांची क्वेरी रिपोर्टमध्ये दिसणारच नाही.