परक्याला आपले दुःख कसे सांगावे?

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, परदेशी माणसाला जात सांगायची तर ‘रेस’ म्हणून सांगावी काय? नाहीतर त्याला ती कळतच नाही.’ मी मोघम उत्तर दिले. पुढे बाबासाहेबांचे १९४६ सालचे लेखन पुन्हा वाचले, तेव्हा ते उत्तर किती उथळ होते हे ध्यानात आले.

प्रचार ही ज्यांच्या हाती छापखाने आहेत त्यांची मिरासदारी. ‘मूकनायक’ १९२० साली निघाले, तेव्हा पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. अशा महाराष्ट्रात बाबासाहेबांनी ‘मूकनायक’च्या माथ्यावर तुकोबांचा अभंग घातला, पुढे ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरांच्या ओव्या घातल्या. सवर्णांपुढे त्यांच्याच घरचे साक्षीदार उभे केले म्हणा ना! पण लंडनमध्ये तुकोबा कोणाला ठाऊक? तिथे, १९३०च्या गोलमेज परिषदेत, त्यांनी आकडा मांडला: अस्पृश्यांची संख्या इंग्लंडच्या किंवा फ्रान्सच्या लोकसंख्येइतकी आहे. आणि राज्यकर्त्यांनाच विचारले की, तुम्ही येण्यापूर्वी गावची विहीर आम्हांला बंद होती, ती तुम्ही खुली केलीत काय? यजमानाच्या घरी बसून यजमानालाच जाब! आर्जव करणारा माणूस असे बोलत नाही.

अमेरिकेसाठी त्यांनी तिसरी भाषा वापरली. काळ्यांच्या नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे कळताच जुलै १९४६मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांची भारतातली स्थिती आणि काळ्यांची अमेरिकेतली स्थिती यांत फार साम्य आहे, असे त्यात म्हटले होते. डुबॉइस यांनी महिनाअखेरीस सहानुभूतीचे उत्तर धाडले.

आता गंमत अशी की, त्याच वर्षी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ निघाला, आणि त्यात आर्य वंशाचा सिद्धांत बाबासाहेबांनी मोडीत काढला. १९४८च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर नाकांच्या मापांचे आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे दाखवले. मग डुबॉइस यांना लिहिले ते काय सोयीचे बोलणे होते? मला तसे वाटत नाही. पत्रातला शब्द ‘स्थिती’ आहे. रक्ताचे नाते त्यांनी सांगितले नाही. दोघांवर लादलेल्या जिण्याचे साम्य सांगितले. समोरच्याला कळेल असा दाखला घेतला, पण त्यासाठी आपले सत्य वाकवले नाही.

ही रेघ आपण कधीकधी पुसट करतो, आणि प्रतिपक्ष नेमका तिथेच बोट ठेवतो. २००१च्या डरबान परिषदेत भारत सरकारने हेच केले: जात म्हणजे वंश नव्हे, सबब हा विषय इथला नाही. परिषदेच्या अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. वंशभेदविरोधी करारावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने मात्र २००२ साली ‘जन्माधारित’ भेदात जातीचा समावेश स्पष्टपणे केला. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहराने आपल्या भेदभावविरोधी कायद्यात ‘कास्ट’ हा शब्दच घातला; ‘रेस’च्या पोटात तिला कोंबावे लागले नाही. त्या बातमीचे कात्रण मी त्या विद्यार्थ्याला दिले, आणि सोबत डुबॉइस यांना लिहिलेल्या पत्राची प्रत.