थांबवण्याची विद्या

मोटार चालवायला शिकलेला माणूस पहिल्याच दिवशी घरी येऊन सांगतो, गाडी किती जोरात पळाली ते. ती थांबली कशी, हे कोणी सांगत नाही. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्या थांबण्याविषयी.

आमच्या वर्धा जिल्ह्यात फार दिवस बंडीचेच राज्य होते. कापसाने लादलेली बंडी हिंगणघाटच्या नाहीतर आर्वीच्या बाजाराला निघाली, की चढावर होणारे बैलांचे हाल सर्वांना दिसत. उताराचे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नसत. उतारावर बंडी मागून रेटते, जू पुढे सरकते आणि सगळा लोट बैल मानेवर झेलून धरतात. बैल हाच ब्रेक म्हणा ना!

या जिल्ह्याने एक मौजेची मोटारही पाहिली. गांधीजी १९३६ साली सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड गाडीला तिथे बैल जुंपत, आणि तिचे नाव पडले ‘ऑक्सफर्ड’. ऑक्स म्हणजे बैल, आणि फोर्ड ती फोर्डच.

त्या काळच्या फोर्ड गाडीत पायाचा दाब चाकापर्यंत न्यायचा तो लोखंडी सळ्यांनी. इतर कंपन्या तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक १९२० नंतर बसवू लागल्या होत्या. हेन्री फोर्ड मात्र बधेनात. त्यांच्या गाड्यांना तो १९३९ च्या मॉडेलपासून मिळाला. सळ्यांचा ब्रेक बिघडे लवकर, पण घरच्या घरी दुरुस्त होई. चाकांना विटा लावायच्या, जॅकने एकेक चाक उचलायचे, ब्रेक कुणाला तरी थोडासा दाबून धरायला सांगायचे आणि चाक हाताने फिरवून पाहायचे. डावे-उजवे सारखेच जड लागले पाहिजे. एक बाजू आधी धरली तर गाडी रस्ता सोडून त्या अंगाला ओढते, आणि आमच्या काळ्या मातीच्या चिखलात तर पाहायलाच नको.

पुढे हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर १९५७ च्या सुमारास निघाली, तिचे ब्रेक तेलाचे. नळीत हवा शिरली की पाय स्पंजावर पडल्यासारखा आत जातो, कारण हवा दबते, तेल दबत नाही. ही हवा काढायला माणसे दोन लागतात. आमच्या घरी काका गाडीखाली आणि मी पेडलवर. चाकामागच्या छोट्या बोल्टाला रबरी नळी लावायची, तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचे. “दाब!” म्हटले की मी दाबायचे, काका बोल्ट सैल करायचे, बुडबुडे निघायचे. “धरून ठेव!” म्हटल्यावर बोल्ट आवळेपर्यंत पाय सोडायचा नाही. सोडला, तर हवा पुन्हा आत! सुरुवात सगळ्यांत लांबच्या चाकापासून. आणि टाकीत भर घालायची ती ब्रेकच्याच तेलाची. इंजिनचे तेल पडले तर आतली रबरे फुगून निकामी होतात.

पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि ब्रेक लागेनासा होतो. अशा वेळी काही अंतर हळू जात, ब्रेक हलकासा दाबून तो गरम करून वाळवावा लागे.

एका गोष्टीचे आज वाईट वाटते. ब्रेकच्या पट्टीत ॲस्बेस्टॉस असे. १९०८ पासूनची ती रीत. ड्रम उघडला की आतली धूळ आम्ही तोंडाने फुंकून उडवत असू. तीच धूळ फुप्फुसात जाऊन कित्येक वर्षांनी कर्करोग करू शकते, हे आता पक्के ठाऊक आहे. जुनी गाडी उघडणाराने ती कोरड्या ब्रशनेही झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

ब्रेकचे तेल रंगही खाते. एकदा माझ्या हातून बाटली कलंडली. काकांनी लगेच पाणी ओतले, तरी डाव्या मडगार्डवरचा तो डाग गाडी विकेपर्यंत तसाच होता.