खालून येणारी थंडी

थंडी वरून येते, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होतो. पाऊस वरून येतो, ऊन वरून येतं, तशीच थंडी. म्हणून तर आपण पांघरूण वर घेतो. ही समजूत किती अपुरी आहे ते मला ऑक्टोबर २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, पिसगाच्या जंगलात, दोन झाडांच्या मध्ये टांगलेल्या एका झोळीत, रात्री तीन वाजता कळलं.

मुलगी-जावई तिकडे असतात. सुट्टी आली की पाठीवर सामान टाकून डोंगरात जातात. तंबू नेत नाहीत, नायलॉनची झोळी नेतात. तिला तिकडे हॅमॉक म्हणतात. मुलगी म्हणाली, "अब्बा, एक रात्र चला. जमिनीवर झोपायचं नाही, म्हणजे तुमच्या कमरेचाही प्रश्न नाही." गेलो. पाहतो तर झोळीच्या खाली, बाहेरच्या बाजूनं, आणखी एक रजई टांगलेली. हंसाच्या मऊ पिसांनी भरलेली, दोन्ही टोकांना लवचिक दोऱ्या. ती म्हणजे अंडरक्विल्ट. मला हसू आलं. रजई अंगाखाली, तीही झोळीच्या बाहेर, हवेत लोंबणारी! माझ्या नजरेला ती फार सैल वाटली. मुलगी तिच्या झोळीत गेल्यावर मी गुपचूप उठलो आणि दोन्हीकडच्या दोऱ्या ताणून घट्ट बांधल्या. जितकं घट्ट तितकं ऊबदार, हा आपला साधा हिशेब. वर घरून नेलेली गोधडी होतीच. तीन वाजता छाती ऊबेत होती आणि पाठ बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखी.

झोप गेली की माणूस विचार करतो. माझ्या मनात आलं, ही झोळी ज्यांनी शोधली ते लोक काय करत असतील?

झोळी त्यांची, आणि हॅमॉक हा शब्दही त्यांचाच. १७ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामा बेटांपैकी एका बेटावर होता. इथल्या लोकांची अंथरुणं सुती जाळ्यांसारखी आहेत, अशी नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. मूळ रोजनिशी आज उपलब्ध नाही. लास कासास या पाद्र्यानं केलेला तिचा गोषवारा तेवढा आपल्यापर्यंत पोचला. ते लोक म्हणजे ताईनो. त्यांच्या भाषेतला 'हमाका' स्पॅनिशमध्ये गेला, तिथून इंग्रजीत. डच लोकांनी तर गंमतच केली. त्यांनी त्याचं 'हांगमाट', म्हणजे टांगलेली चटई, असं करून टाकलं. परका शब्द आपल्या कानाला रुचेल असा करून घेण्याची खोड सगळ्याच भाषांना असते. आपण नाही का स्टेशनचं ठेसन केलं!

ओव्हिएदो नावाचा एक स्पॅनिश अधिकारी या मुलखात बरीच वर्षं राहिला. त्याचं पुस्तक १५२६ साली छापलं गेलं. त्यात हमाकाचं कौतुक आहे: स्वच्छ बिछाना, कुठंही नेता येतो, हवा उबदार असल्यानं वर काही घ्यायची गरज नाही. पण पुढं तो सांगतो की डोंगरात झोपायची वेळ आली किंवा माणूस भिजून आला, तर हे लोक झोळीच्या खाली निखारे ठेवतात. झोळीच्या खाली, हे ध्यानात घ्या. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना थंडी कुठून येते ते नेमकं ठाऊक होतं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक आजही झोळीच्या शेजारी रात्रभर विस्तव जागता ठेवतात.

युरोपियनांनी झोळी उचलली, निखारे तिथंच राहिले. लाकडी जहाजात निखारे परवडणारही नव्हते म्हणा. इंग्लंडच्या आरमारानं १५९७ मध्ये खलाशांसाठी टांगत्या बिछान्यांचं कापड मंजूर केलं. पुढं साडेतीनशे वर्षं तिथला खलाशी कॅनव्हासच्या झोळीत झोपला. एका माणसाला टांगायला जागा किती? १४ इंच. निम्मे पहाऱ्यावर असायचे म्हणून प्रत्यक्षात २८ मिळायची. ट्रफाल्गरच्या लढाईत, १८०५ साली, नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर ८०० हून जास्त माणसं होती. सकाळी झोळ्या घट्ट गुंडाळून जहाजाच्या कठड्यावरच्या जाळ्यांत रचायच्या, म्हणजे लढाईत बंदुकीच्या गोळ्यांना आडोसा. आणि खलाशी मेला की त्याच झोळीत त्याला शिवायचं, पायाशी तोफेचे गोळे बांधायचे आणि समुद्रात सोडायचं. अंथरूण, तटबंदी आणि कफन, तिन्ही एकाच कापडाचं.

या खलाशांच्या झोळीत एक पातळ गादी असे. पण अंगाखालच्या गादीची अडचण अशी की माणसाच्या वजनानं ती दबते. दबलेली गादी ऊब देत नाही. का देत नाही, हे कळायला बेंजामिन थॉम्प्सनचं नाव घ्यावं लागेल. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५३ साली जन्मलेला, पुढं काउंट रमफोर्ड झालेला हा माणूस. बव्हेरियाच्या सैन्याची व्यवस्था पाहताना सैनिकांना कसले कपडे द्यावेत हा प्रश्न त्याच्यापुढं होता. त्यानं काचेच्या नळीत तापमापक बसवला, भोवती रेशीम, लोकर, कापूस, केसाळ कातडं, पिसं असं एकेक भरलं आणि तो किती वेळात निवतो ते मोजलं. निष्कर्ष असा की धाग्यांच्या आणि पिसांच्या मध्ये अडकून राहिलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोपली पदक दिलं.

हे सगळं मी पुढं वाचलं. पण त्या रात्री, पाठ गारठलेली असताना, मला रमफोर्ड आठवणं शक्य नव्हतं. मला आठवले आमचे आजोबा. त्यांना आम्ही दादा म्हणायचो.

दादा पिंजारी होते. बार्शीच्या बाजूला आमचं गाव. दिवाळी झाली की खांद्यावर पिंजण टाकून ते गावोगाव हिंडायचे. आजच्या पोरांनी पिंजण पाहिलेलं नसेल. माणसाएवढं लांब लाकडी धनुष्यच ते, त्याला आतड्याची तात ओढलेली. ते दोरीनं आढ्याला टांगायचं, तात कापसाच्या ढिगात धरायची आणि लाकडी ठोकळ्यानं तिच्यावर घाव घालायचा. टंय्य... तंय्य... असा आवाज साऱ्या आळीत घुमायचा. गुठळ्या सुटायच्या, धूळ खाली बसायची, कापूस वर उडायचा. घरोघरच्या बायका जुन्या गाद्या-रजया उसवून आतला कापूस त्यांच्यापुढं आणून टाकायच्या. नवा कापूस कुणी घेत नसे. तोच जुना, चपटा झालेला, पिंजून परत भरायचा. एखादी म्हणायची, "रजई जुनी झाली, ऊब राहिली नाही." दादा हसायचे. आमच्या घरच्या बोलीत म्हणायचे, "रुई मरी नहीं, सो गई है. उसको जगाना पडता." पिंजून झालेला ढीग पहिल्यापेक्षा तिपटीनं मोठा दिसायचा. वजन तेवढंच. वाढलेलं जे काही होतं ती हवा होती. रमफोर्डनं काचेच्या नळीत मोजलं ते दादा घराच्या ओसरीवर करत होते, शेरावर मजुरी घेऊन.

संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, पापण्या सगळं पांढरं झालेलं असायचं. रात्रभर खोकायचे. तो कापसाचा धुरळा त्यांच्या छातीत बसला तो बसलाच. पुढं विजेवर चालणारी यंत्रं आली, मग फोमच्या गाद्या. पिंजण पत्र्याच्या शेडमध्ये गेलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी कुठल्याही कवितेत लिहिलेली नाही. बी.ए.ला प्रवेश घेताना अर्जात 'कुटुंबाचा व्यवसाय' असा रकाना होता. मी 'शेती' लिहिलं. एक गुंठाही जमीन नव्हती आमची. दादा तेव्हा हयात होते, खाटेवर होते. अर्ज त्यांना वाचता आला नसता, तरी मी तो घडी घालून लपवून नेला. पुढं लग्न झालं, मुलं झाली, ती शिकली. त्यांनाही मी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, असं स्वतःला बजावत राहिलो.

सकाळी मुलीनं माझी झोळी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अब्बा, तुम्ही तर हिचा जीवच घेतलात." मग तिनं मला सगळं समजावलं. झोळीत माणूस निजला की अंगाखालचं अंथरूण दबतं, म्हणून ही रजई बाहेरून टांगायची, वजन तिच्यावर येऊच द्यायचं नाही. घट्ट ओढली की पिसं चेपतात, आतली हवा निघून जाते. फार सैल सोडली की झोळी आणि रजई यांच्यात पोकळी राहते आणि तिच्यातून वारा वाहतो. रजई पाठीला नुसती टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये.

"तुम्ही आडवे व्हा," ती म्हणाली. "सरळ नाही, थोडे तिरके. तिरकं झोपलं की पाठ सपाट राहते." मी तिरका झालो. तिनं खालून हात घातला. खांद्याखाली हात सहज फिरला, म्हणजे तिथं फट. डोक्याकडची दोरी दोन बोटं ओढली. कमरेखाली हात अडकला, म्हणजे तिथं ताण. तिथली सैल केली. मग दोन्ही टोकांच्या नाड्या चुण्या पडेपर्यंत आवळल्या, कारण वारा शिरतो तो टोकांकडूनच. "आता बोला, कुठं गार लागतंय?" डाव्या पोटरीला, मी म्हणालो. तिनं रजई पायाकडे चार बोटं सरकवली. पंधरा मिनिटं हे चाललं होतं. मी लहानपणी दादांना तात जुळवताना पाहायचो, तेही असेच कान लावून, थोडी ओढून, थोडी सोडून बसायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रजई पिशवीतून काढली तेव्हा ती चपटी होती. मुलगी तशीच टांगायला निघाली. मी तिच्या हातातून घेतली, दोन कोपरे धरून झटकली, मग एकेक कप्पा तळव्यांत धरून पिसांच्या गुठळ्या बोटांनी मोकळ्या केल्या. कप्पेही आपल्या रजईच्या टाक्यांसारखेच, आतला माल एका बाजूला सरकू नये म्हणून. बघता बघता रजई फुगली. मुलगी पाहत राहिली. "हे कुठं शिकलात?"

मग सांगितलं. अर्जातल्या त्या रकान्यासकट. ती थोडा वेळ गप्प होती. नंतर विचारलं, "पिंजण आहे अजून?" आहे म्हटलं, तात मात्र कधीचीच तुटली.

त्या ताईनो लोकांचं काय झालं, हेही तिला रात्री सांगितलं. रोगराई, सक्तीची मजुरी आणि तलवार यांनी पन्नास वर्षांत त्यांची वस्ती नाममात्र उरली. ते संपले, असंच पुस्तकांत छापत आले. पण बहामामधल्या एका गुहेत सापडलेल्या, हजारेक वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या दातातून संशोधकांनी तिची जनुकं वाचली. ते संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं. आजच्या प्वेर्तो रिकोतल्या माणसांशी तिचं नातं जुळलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे नातवंडं होती, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं." मी काही बोललो नाही.

दोघं आपापल्या झोळीत गेलो. वारा होता. या वेळी मी दोऱ्यांना हात लावला नाही. पहाटे मात्र उठावं लागलं. इतकं उकडायला लागलं होतं की पायाकडची दोरी थोडी सैल केली.