वृद्ध आई-वडिलांना घरात मदतीची गरज : ती वेळीच कशी ओळखावी?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. नोकरी-व्यवसायानिमित्त मुले परगावी किंवा परदेशी आणि आई-वडील मूळ घरी, हे चित्र आता शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावीही दिसते. दूरध्वनीवर रोज बोलणे होते, ‘आमचे सर्व ठीक आहे’ असे उत्तर मिळते आणि एखादे दिवशी स्नानगृहात पडल्याची बातमी येते. अशा बहुतेक प्रसंगांपूर्वी काही महिने घरात खुणा दिसत असतात. त्या कोठे शोधाव्यात, हे माहीत असणे आवश्यक आहे.

कोणती कामे आधी सुटतात?

वृद्धाची गरज ठरविताना वैद्यकशास्त्र केवळ वयाचा किंवा आजाराच्या नावाचा विचार करीत नाही. तो रोजची कामे कशी पार पाडतो, हे पाहिले जाते. अमेरिकेतील वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये सहा मूलभूत क्रियांची सूची मांडली : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे, मल-मूत्रावर नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे. १९६९ मध्ये एम. पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी अधिक गुंतागुंतीच्या आठ कामांची सूची तयार केली. दूरध्वनीचा वापर, खरेदी, स्वयंपाक, घराची आवराआवर, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार ही ती कामे होत.

सामान्यतः दुसऱ्या सूचीतील कामे आधी अवघड होऊ लागतात. मूलभूत क्रियांमध्ये बहुधा प्रथम स्नान कठीण जाते आणि स्वतःच्या हाताने जेवणे सर्वांत शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे ‘बाबा अजून व्यवस्थित जेवतात’ एवढ्यावरून निश्चिंत होणे योग्य ठरत नाही. वीज देयक दोनदा भरले गेले किंवा थकले, बँकेच्या पासबुकात अनेक महिने नोंद नाही, निवृत्तिवेतनासाठीचे हयातीचे प्रमाणपत्र नोव्हेंबरमध्ये द्यायचे राहून गेले, या गोष्टी त्याहून अधिक सांगून जातात.

घरात दिसणाऱ्या खुणा

दूरध्वनीवरील संभाषणातून या खुणा कळत नाहीत. त्यासाठी दोन-तीन दिवस घरी मुक्काम करणे उपयुक्त ठरते. स्वयंपाकघरात एकाच जिनसाची तीन-चार पाकिटे, शीतकपाटात बुरशी आलेले पदार्थ, बूड करपलेली भांडी किंवा गॅस सुरू राहण्याचे वारंवार प्रसंग आढळल्यास लक्ष द्यावे. औषधांच्या पट्टीवरील उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. महिन्याच्या अखेरीस निम्म्या गोळ्या शिल्लक असतील, तर रक्तदाब वा मधुमेह नियंत्रणात का नाही, याचे उत्तर तेथेच मिळू शकते.

चालताना भिंतीचा किंवा फर्निचरचा आधार घेणे, जिना टाळणे, अंगावर न सांगितलेल्या पडण्याच्या खुणा असणे ही तोल जाण्याची लक्षणे होत. यासाठी एक सोपी चाचणी वापरली जाते. खुर्चीतून उठून नेहमीच्या गतीने ३ मीटर चालावे, वळून परत यावे आणि बसावे. त्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चाचणीच्या वेळी एकाने जवळ उभे राहावे.

कपडे सैल होणे हीदेखील महत्त्वाची खूण आहे. प्रयत्न न करता ६ ते १२ महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक वजन घटल्यास तपासणी आवश्यक ठरते. नेहमीचे भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा सकाळचा फेरफटका बंद झाला असल्यास त्यामागे ऐकू कमी येणे, लघवीवर ताबा न राहणे किंवा नैराश्य असू शकते.

मात्र प्रत्येक बदल हा असमर्थतेचा पुरावा नसतो. नऊवारी सोडून गाऊन घालणे किंवा मंडईऐवजी दारावर भाजी घेणे ही शहाणपणाने केलेली तडजोडही असू शकते. तुलना शेजारच्या वृद्धाशी करू नये. त्याच व्यक्तीच्या वर्षभरापूर्वीच्या स्थितीशी करावी. हिशेबात चोख असलेल्या वडिलांना सुटे पैसे मोजता न येणे आणि मुळातच विसराळू असलेल्या आईची किल्ली हरवणे, यांत मोठा फरक आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. ‘वयच झाले’ असे म्हणून या लक्षणांकडे दुर्लक्ष होऊ नये.

अचानक झालेला बदल

वरील खुणा हळूहळू वाढतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागल्यास किंवा सतत झोपेत राहिल्यास मदतनीस शोधण्यापूर्वी तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे, नव्या औषधाचा परिणाम यांमुळे असे घडू शकते आणि वेळीच उपचार झाल्यास बहुधा सुधारणाही होते. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा वाचा जाणे ही पक्षाघाताची लक्षणे असून, अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे.

विषय कसा काढावा?

अनेक वृद्ध आपल्या अडचणी जाणूनबुजून लपवितात. घर सोडावे लागेल, मुलांवर भार पडेल किंवा व्यवहार हातातून काढून घेतले जातील, ही भीती त्यामागे असते. म्हणून ‘आता तुम्हाला जमत नाही’ असे सांगण्याऐवजी ‘कोणते काम जड जाते?’ असे विचारावे. आई-वडील दोघेही असल्यास प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे; एकाची उणीव दुसरा भरून काढीत असल्याने ती बाहेर दिसत नाही.

मदत किती व कोठून?

जे काम जमत नाही, तेवढ्यापुरतीच मदत द्यावी. औषधे चुकत असतील तर आठवड्याची गोळ्यांची डबी आणि रोज एक फोन पुरेसा ठरू शकतो. स्नान अवघड असल्यास भिंतीला आधाराची दांडी, न घसरणारी फरशी, बसण्यासाठी स्टूल आणि सकाळी तासभर येणारी मावशी असावी. रात्री उठताना तोल जात असेल किंवा स्मृतिभ्रंशामुळे घराबाहेर निघून जाण्याचा धोका असेल, तर रात्रपाळीचा किंवा २४ तासांचा मदतनीस आवश्यक होतो. मदतनीस ठेवताना ओळखपत्र पाहून पोलीस पडताळणी करून घ्यावी. जमणारी कामे मात्र वृद्धांच्या हातीच राहू द्यावीत. ती काढून घेतल्यास उरलेली क्षमताही लवकर ओसरते.

ज्येष्ठ नागरिकांसाठी केंद्र सरकारची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य उपलब्ध आहे. २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे. घरच्या मदतनिसाचा खर्च मात्र त्यातून भागत नाही. त्याची तरतूद कुटुंबालाच करावी लागते.

‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७’ नुसार स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू न शकणारे आई-वडील मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार यांचा त्यात समावेश होतो. कायदा कर्तव्याची सक्ती करू शकतो. पण आईने चहात दोनदा साखर घातली, हे लक्षात येण्यासाठी कोणीतरी तिच्याजवळ बसून चहा प्यावा लागतो.