नर्गिस, सुंबुल आणि इस्तंबूलचे बागवान

आपल्या घरांत मुलींची नावे नर्गिस, सुंबुल अशी ठेवतात. ही फुले मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेली असतात. दोन्ही कांद्यापासून उगवतात, थंडी सरताना फुलतात. सुंबुल म्हणजे हायसिंथ. कांद्याचेच तिसरे फूल लाला, म्हणजे ट्युलिप.

ट्युलिप म्हटले की लोकांना हॉलंड आठवते आणि १६३७ मध्ये कोसळलेला तिथला कांद्यांचा बाजार. पण क्लुसियसने लायडनच्या बागेत ट्युलिप लावले ते १५९३ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी बाबराने काबूलच्या डोंगरपायथ्याचे रानटी लाला मोजवून घेतले होते. ते ३२-३३ प्रकारचे भरले. त्यातल्या एकाला गुलाबाचा वास होता, हेही त्याने लिहून ठेवले.

इस्तंबूलमध्ये ही आवड नुसती बादशाही नव्हती. सुलतान सुलेमानचे शेखुल इस्लाम अबुस्सुऊद एफेंदी, ज्यांचे फतवे सल्तनतभर चालत, तेही फुलांचे शौकीन होते. 'नूर-ए-अदन' ही लालाची जात त्यांच्या नावाशी जोडली जाते. सतराव्या शतकात तिथे जाणकारांची मजलिस बसू लागली. कुणी नवे फूल आणले की पाकळ्या, रंग, देठ तपासायचे. खोट नसेल तरच फुलाला नाव मिळे आणि वहीत नोंद होई. बी पेरल्यापासून फूल यायला पाच-सात वर्षे लागतात. तेवढी वाट पाहून आणलेले फूल नापासही होई.

पुढे या शौकाची हौस झाली आणि हौसेचा माज. १७१८ ते १७३० या 'लाला दौरा'त एकेका कांद्याची किंमत इतकी चढली की सरकारला दर बांधून द्यावे लागले. बागांत मेजवान्या झडत होत्या, शहरात महागाई होती. १७३० मध्ये पत्रोना खलील या जुने कपडे विकणाऱ्या माणसाच्या पुढाकाराने बंड झाले. वजीर इब्राहिम पाशा मारला गेला आणि सुलतान अहमद तिसरा याला तख्त सोडावे लागले. आपला इतिहास सांगताना हा भाग गाळू नये.

त्या वह्या, ती चित्रे आजही आहेत. सुईसारख्या निमुळत्या पाकळ्यांचे ते लाला मात्र नाहीत. वही कपाटात टिकते. कांदा दरसाल कुणीतरी लावावा लागतो. ते हात थांबले आणि फुले गेली. राहिली ती नावे.