मृत्यूनंतरचा दिवाणी दावा : 1855 चा कायदा आणि त्यानंतर

आमच्या सेक्टर 10 मध्ये बहुतेक घरांचा भिलाई इस्पात संयंत्राशी काही ना काही संबंध असतो. 12 जून 2014 रोजी या संयंत्राच्या पंप हाउसमध्ये विषारी वायू शिरून 6 जण दगावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीवर स्फोट होऊन पुन्हा माणसे गेली. अशा वेळी चर्चा होते ती पोलीस तपासाची आणि फौजदारी खटल्याची. मागे राहिलेल्यांचा प्रश्न वेगळा असतो : मिळवते माणूस गेले, आता घर कसे चालायचे? दिवाणी कायद्याने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा इतिहास आपण या टिपणात पाहू.

1. माणूस गेला की दावाही संपे

इंग्लंडमध्ये 1808 साली बेकर विरुद्ध बोल्टन हा खटला चालला. घोडागाडी उलटून एका गृहस्थाची पत्नी जखमी झाली व सुमारे महिन्याभराने वारली. लॉर्ड एलनबरो यांनी पतीला भरपाई दिली ती पत्नी जिवंत होती तेवढ्याच काळापुरती. मृत्यूबद्दल दिवाणी न्यायालयात दाद मागता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे दुसऱ्याच्या हयगयीने पाय मोडला तर पैसे मिळत, जीव गेला तर नाही.

रेल्वेच्या काळात हा नियम टिकणे कठीण झाले. 1846 मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने इंग्लंडने कायदा बदलला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात 1855 चा 13 वा कायदा, म्हणजे प्राणघातक अपघात कायदा, आला. तेव्हा बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती.

या कायद्यात दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली, मृताची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांचे झालेले आर्थिक नुकसान. दुसरी, मृताच्या मिळकतीचे नुकसान. एकच रक्कम दोन्हीकडे मोजता येत नाही. भावंडे पहिल्या यादीत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

2. पालशेत ते पुणे

मराठी मुलखातला एक खटला आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले. तेथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवले गेले आणि त्याच दिवशी तो मरण पावला. वडील स्वतः डॉक्टर होते. आईवडिलांनी 25,000 रुपयांचा दावा लावला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1968 मध्ये डॉक्टरांची हयगय कायम ठरली. मिळाले 3,000 रुपये, तेही पंधरा वर्षांनी. रुग्ण हाती घेताना, उपचार ठरवताना आणि उपचार करताना डॉक्टरने काळजी घेतलीच पाहिजे, हे तत्त्व या निकालाने पक्के केले.

3. घड्याळाचा मनोरा

अभियंत्यांनी दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती (1966) हा निकाल वाचावा. चांदनी चौकातला पालिकेचा मनोरा कोसळून माणसे मेली. तो सुमारे 80 वर्षांचा होता, तर त्यात वापरलेल्या चुन्याचे आयुष्य 40-45 वर्षांचेच होते. दोष आम्हांला दिसला नाही, हा पालिकेचा बचाव न्यायालयाने मानला नाही. रस्त्यालगतच्या इमारतीची वेळोवेळी तपासणी करणे हे मालकाचेच काम. नीट सांभाळलेला मनोरा आपोआप पडत नाही, म्हणून येथे घटनाच हयगयीचा पुरावा ठरली.

4. चूक सिद्ध न करता भरपाई

कारखान्यातल्या कामगाराच्या विधवेने मालकाची चूक कशी सिद्ध करायची? कागदपत्रे मालकाकडे आणि साक्षीदार त्याच्याच नोकरीत. म्हणून 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने चुकीचा प्रश्नच बाजूला ठेवला. अपघात कामामुळे व कामावर असताना झाला, एवढे पुरे. मृत्यूसाठी मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसारचा गुणांक, असे सूत्र ठरले. वेतनाची कमाल मर्यादा सरकार ठरवते. रक्कम आयुक्तांकडे जमा करायची असते. घाईत कुटुंबाच्या हाती थोडे पैसे ठेवून सही घेता येऊ नये, हा त्यातला हेतू. आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हाच विषय घेतला आहे.

मात्र 1923 च्या कायद्यात एक अट होती. हा मार्ग आणि दिवाणी दावा, दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. सूत्राची रक्कम लवकर मिळते पण मर्यादित असते. दाव्यात जास्त मिळू शकते, पण चूक सिद्ध करावी लागते. 1855 च्या कायद्याखालील दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. दुःखात ती केव्हा सरते, हे अनेक घरांना कळतही नाही.

5. समारोप

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही झडपेच्या तपासणीवर किंवा कामाच्या परवान्यावर सही कराल. पुढे कधी न्यायालयात हयगय झाली की नाही हे ठरवायची वेळ आली, तर तो कागद पुढे येईल. तपासणी न करता सही करू नका, आणि केलेल्या तपासणीची नोंद चुकवू नका.

स्वाध्याय
1. 1808 चा नियम अन्यायकारक का होता, ते उदाहरणासह लिहा.
2. मनोऱ्याच्या खटल्यात हयगय वेगळी सिद्ध करण्याची गरज का पडली नाही?
3. कंत्राटी कामगाराच्या कुटुंबाला कोणता मार्ग सोयीचा ठरेल? कारणे द्या.